पाच पंचेचाळीस ते सहा दहा

बुटीबोरीची बस मानेवाडा चौकात
सहा वाजून दहा मिनिटांनी येते
आणि थांबते ड्रायव्हरला वाटेल तेवढंच.
म्हणून आमच्या स्वयंपाकघरात
पहाट वगैरे काही होत नाही.
पंचवीस मिनिटं असतात, मोजून.

साखरेचा डबा मी माळ्यावर ठेवलाय,
लग्नातल्या पितळी परातीच्या मागे.
तिथे हात पोचायला स्टूल लागतं,
स्टूल आणायला वेळ लागतो,
आणि वेळ तर कुंदाकडे नाहीच.
ही माझी एकमेव हुशारी.
बाकी सगळं डॉक्टर टेंभुर्ण्यांचं :
कागदावर सात पॉइंट आठ, खाली दोन रेघा,
आणि तिच्याऐवजी माझ्याकडे बघून विचारलेलं,
"सकाळी काय खातात ह्या?"

मला माहीत नव्हतं.
एकवीस वर्षं झाली होती लग्नाला.

नंतर कळलं : चहा, तीन चमचे,
बसमध्ये बिस्किटाचा अर्धा पुडा,
उरलेला अर्धा येताना.

मग मी फळ्यावर वार लिहिले.
सोमवार, उकडपेंडी.
कणीक रात्रीच कोरडी भाजून ठेवायची, तांबूस,
सकाळी नुसती फोडणी, कांदा, मिरची,
आंबट ताकाचा हबका, वर झाकण.
झाकणाखाली वाफ धरते तेवढ्यात
तिची वेणी होते.
आई शेवटी चिमूटभर साखर टाकायची.
माझा हात अजून तिकडे जातो,
हवेत थांबतो, आणि रिकामा परत नको
म्हणून मीठ उचलून येतो.
असं मीठ दोनदा पडतं.

मंगळवार, दोन उकडलेली अंडी,
तिखटमिठाची पुडी वर्तमानपत्राच्या तुकड्यात.
बुधवार, मोडाचे मूग.
पण डिसेंबरात नागपूरचे मूग माझ्यासारखेच,
दोन दिवस जागे होत नाहीत.
गुरुवारी चुनाचं धिरडं करायचं तर
सांबार संपलेला. पुण्याचा भाचा आलेला,
त्याला म्हटलं, धावत जा, दहाचा सांबार आण.
बिचारा हॉटेल उघडायची वाट बघत उभा,
इडलीबरोबरचं सांबार पिशवीत घेऊन आला,
तोवर बस गेलेली, धिरडं गार,
कोथिंबीर अजून बाजारात.
शुक्रवारी सिलिंडर संपलं.
फळा मी पुसून टाकला.

आता रात्री दाणे आणि फुटाणे डब्यात भरून ठेवतो,
काही जमलं नाही तर ते.
जमलं तर पेंडी.
ती एका पायात चप्पल घालून खाते,
चव विचारली तर घड्याळ दाखवते.

आता खरं सांगतो.
सहा दहाला ती गेली की
मी स्टूल आणायचो.
एवढी धावपळ केल्यावर माणसाला
एक कप चहा लागतो, आणि चहाला दोन चमचे.
माझं कुठे काय निघालंय,
मी रक्त दिलंच नव्हतं.

त्या दिवशी ती ओळखपत्र विसरली.
दार ढकलून आत आली तेव्हा
मी स्टुलावर, एक हात परातीमागे,
तोंडात चमचा.

मी काही तरी बोलणार होतो.
काय, ते आठवत नाही.
रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, लांब गेला.
ती म्हणाली,
"उतरा न जी खाली. पडसान."

मग तिनेच पातेलं ठेवलं.
अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता,
तरी कांदा बारीक चिरला.
शनिवारी मला घेऊन गेली उपाशीपोटी,
सुई टोचताना दुसरीकडे बघायला सांगितलं,
मी बघितलं दुसरीकडे.
आकडा इथे लिहीत नाही.

डबा आता खालच्या मेश्रामकाकूंकडे आहे.
पाहुणे आले की वाटीभर मागून आणतो.

सोमवार. पाच अठ्ठावन्न.
दोन ताटल्या ओट्यावर, दोघंही उभे.
मीठ जास्त झालंय, ती म्हणते.
झालंय, मी म्हणतो,
आणि तिच्या दुसऱ्या पायाची चप्पल
पायाने पुढे सरकवतो.