अकरा षटकं

तजम्मुल परकार. डावखुरा, मध्यमगती.
सामने तीन, षटकं अकरा,
धावा चौऱ्याहत्तर, बळी एक.
एवढंच आहे वहीत, आणि वही मीच लिहिली,
म्हणून मला विचारा.

रुवीच्या टाइल्सच्या गोदामात तो पेट्या मोजायचा,
मी माळ्यावर बिलं.
शुक्रवारी पहाटे वादी कबीरच्या खडीवर
चटई अंथरून खेळायचो,
ऊन डोंगर उतरायच्या आत.
हर्णैच्या पुळणीवर, ओल्या वाळूत शिकलेला चेंडू
मस्कतच्या सुक्या हवेत वळायचा कसा,
कुणाला कळलं नाही. त्यालाही नाही.
"हातातनं सुटला की तो माझा नाय," म्हणायचा.

वास्तव्याची वर्षं भरली, कागद झाले,
आणि एका दुपारी अमेरातच्या हिरवळीवर तो उभा,
पाठीवर बावन्न,
छातीवर एका देशाचं नाव
जो त्याचा नव्हता, आणि त्या दुपारी होता.
शेठनं रजा दिली. बिनपगारी.

पहिल्या सामन्यात चार षटकं, बावीस.
दुसऱ्यात पाच, एकतीस, आणि तो एक:
आत येतो येतो म्हणता बाहेर निघालेला,
ऑफस्टंप मागे जाऊन पडला.
टाळ्या तिसेक. त्यातल्या वीस आमच्या खोलीच्या.

तिसऱ्यात दोनच.
पहिल्याच चेंडूवर स्लिपला झेल,
कप्तानाच्या हातात गेला
आणि बाहेर आला.
मी पेन टेकवलं. ठिपका दिला.
सुटलेल्या झेलाला वहीत रकाना नसतो.
उरलेल्या अकरा चेंडूंत एकवीस.

पुढच्या दौऱ्याची यादी फोनवर आली.
त्यानं वरून खाली वाचली, मग खालून वर.
मग म्हणाला, "सोहारची गाडी लागली काय?"
आणि जिना उतरून गेला.
खांदा गेला होता म्हणतात. वशिला नव्हता म्हणतात.
मी विचारलं नाही, तोही बोलला नाही,
आणि आम्ही सहा वर्षं एकाच डब्यातलं जेवलो.

जर्सी अजून घालतो, गोदाम झाडायच्या दिवशी.
पाठीवरचा बावन्न सोलून गेलाय.
कॉलरच्या आत कुन्हुमोन लाँड्रीवाल्यानं
काळ्या शाईत घातलेला चारशे बारा
तेवढा शाबूत आहे.

काल जुनी वही काढली.
त्या ठिपक्याभोवती एक गोल काढला, पेन्सिलीनं.
नियमात बसत नाही.
हलकाच काढलाय.
खोडता येईल.