सिलावलीची नोंद

ग्वाल्हेरहून सतरा मैल, असं जुनं दप्तर सांगतं.
बसवाला म्हणाला, पस्तीस किलोमीटर,
खड्डे धरले तर चाळीस.

उत्तरेस टेकडी, असंही दप्तरात आहे.
मी उत्तरेस पाहिलं, तर पाणी.
हिरवं, उभ्या कडांचं,
म्हशीसुद्धा उतरत नाहीत त्यात.
हरविलासनं बिडी दगडावर विझवली.
"टेकडी शहरात गेली की, साहेब.
तुमच्या घराची पायरी कुठल्या दगडाची?"

फिकट गुलाबी. भिजली की लालसर.
मधोमध झिजलेली, आमच्याच पायांनी.
मी काही बोललो नाही.

नदी: तीन महिने. उरलेले नऊ ती रस्ता असते.
रेल्वे: छोट्या लाईनचे रूळ उचलून नेले,
फलाटावर कैलासीबाई गोवऱ्या थापते;
पिवळ्या पाटीवरचं पहिलं अक्षर गेलंय,
आता गावाचं नाव नुसतं 'लावली'.
लोकसंख्या चारशे बारा.
खोकणारे पुरुष हरविलासनं वेगळे मोजले,
त्यांना माझ्या कागदावर रकाना नव्हता.

इतिहासाला तीन ओळींची जागा.
लढाई झाली नाही.
एकदा राजा शिकारीला आला,
वाघ आला नाही.
तिसरी ओळ कोरी ठेवली,
तिच्यावर दगडाची पूड बसत राहिली.

शेवटचा प्रश्न, गावाची उंची.
मी पट्टी काढली, पेन्सिल काढली.
हरविलासनं छिन्नी ग्वाल्हेरच्या दिशेनं रोखली,
"ती तिकडे मोजा."