सुटे पैसे

रविवारी गेले की कोंढाळकर काका पिशवी उपडी करतात.
मार्केट यार्डातलं लक्ष्मणफळ,
गुळवेलीची कांडी, आंबेहळद,
आणि धनकवडीच्या स्टॉपवर कुणीतरी हातात कोंबलेली
नाव नसलेली पुडी.

"तू झाडपाल्यातच काम करतेस ना?
मग सांग, यातलं काय घेऊ?
पाल्याला साइड इफेक्ट नसतो म्हणतात."

काय सांगू.
सात वर्षं पानं सुकवते, दळते, गाळते.
काचेच्या बशीत पेशी मरतात,
मरतातच.
ताम्हिणीकडून आलेल्या नरक्याने मरतात,
हळदीने मरतात,
एकदा माझ्या चुकीने नुसत्या अल्कोहोलने मेल्या
आणि त्या दिवशीचा आलेख सगळ्यांत सुरेख आला.
बशीला यकृत नसतं, काका.
बशी रात्री तीनला उठून बसत नाही.

हे बोलले नाही.
फाइलमधलं औषधाचं नाव वाचलं, म्हटलं,
हे सदाफुलीतून निघतं.
तुमच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात आहे ना, ती.

काकू आतून आल्या, हातात देवाची परडी.
परडीत तीच.
"अगं, मग एवढे पैसे कशाचे घेतात?"

पोत्यांनी पानं लागतात, काकू, हाती येतं चिमूटभर,
तेही मोजून, शिरेतून, आणि थेंबभर जास्त झालं तर

काकांनी नाण्यांचा डबा टेबलावर ओतला.
तेहेतीस वर्षं स्वारगेट डेपो.
लोंबकळत्या गर्दीत, दिवे गेलेल्या बसमध्ये
नुसत्या अंगठ्याने
रुपया कुठला, आठ आणे कुठले, सांगणारा माणूस.
डोळे मिटले. एक नाणं उचललं.
चोळलं.
पुन्हा चोळलं.
"तिसऱ्या सलाइनपासून बोटांत मुंग्या होत्या," म्हणाले.
"आता त्याही नाहीत. कापूस."

म्हणजे पाल्याला असतो.

मानेवरची गाठ सुपारीएवढी होती,
ती आता चाचपून सापडत नाही म्हणाले,
आणि हसले:
"का बोटांनाच सापडत नाही?"
काकू हसल्या नाहीत.

पुडी मी काढून घेतली. बाकीच्यांची नावं
त्यांनाच लिहायला लावली, जुन्या वे-बिलाच्या पाठीवर,
बुधवारी डॉक्टरांना दाखवायला.
पेन दोनदा निसटलं.
गुळवेलीतला ळ गिरवत बसले बराच वेळ.

निघताना जिन्यात हाक मारून
रिक्षासाठी सुटे दिले, मोजून, जुन्या सवयीने.
खाली दिव्याखाली पाहिलं,
दोन रुपये जास्त होते.
परत वर गेले नाही.