खण क्रमांक एकोणीस

खण ओढला की आधी डांबरगोळ्यांचा वास,
मग बोरोसेरा.

माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या: जात, गाव, उंची, महिना.
मादी थोराड, राखेत मिसळलेल्या मातीच्या रंगाची,
पंखांवर एक वाकडी रेघ,
जशी घाईत ओढलेली.
नर तिच्या निम्मा, विटकरी,
मिशा दोन्हीकडून दात्यांच्या फणीसारख्या.
त्यातल्या एकाची डावी मिशी मोडलेली आहे,
मी इथे लागायच्या आधीपासून.

पंख फुटल्यावर हे काही खात नाहीत.
जेवणं सगळी अळीपणीच उरकलेली.

मधल्या पठारावर, तापियाच्या खुरट्या रानात, कजानी.
पूर्वेच्या ओल्या किनाऱ्याला दुसरी,
जिच्या नावात आख्खं बेटच आहे.
तिसरी, पंखांच्या कडेला ठिपके घेतलेली, दक्षिणेत,
जिथे झाडं पानांऐवजी काटे धरतात.
बेटाबाहेरचा रकाना मी कधी भरलेला नाही.

आईला हे फोनवर वाचून दाखवलं
तर ती म्हणते, बरं.
तिच्याकडे जाती दोनच: सूत देणारी आणि न देणारी.
तीही अंबुसित्राच्या बाजारात
वुआहांगी विणकरणीला कुणी विचारलं तरच सांगणार.

कोषावर कुसळं असतात, काळी, बारीक.
लहानपणी ती बोटांत घेऊनच मी शाळेत जायचे,
पेन धरलं की टोचायची.
कोष चिरायचा, आतला किडा काढायचा,
मीठ लावून तव्यावर परतायचा, भाताशी.
उरलेलं घर राखेच्या पाण्यात दिवसभर रटरटत ठेवायचं
आणि मग चातीवर.
बाबा म्हणायचे, राहणारा पोटात, घर पाठीवर,
भाडं कुणाला द्यायचं?

यंदाच्या थंडीत त्यांना बाहेर काढायचंय.
सात वर्षं झाली. थडग्याचं दार उघडेल,
बाजेवाले येतील, काका आधीच प्यायलेले असतील,
आणि बाबांना जुन्या कापडासकट
नव्या कापडात गुंडाळून
खांद्यांवर नाचवतील सगळे.
ते कापड दोन हात कमी पडतंय.
गेल्या सालापासून डोंगर जळलेला आहे.
कुणी म्हणतं कोळसेवाले, कुणी म्हणतं गुरांचं गवत,
काका म्हणतो, आपणच.

"बाकुली," आई म्हणाली,
"तुझ्या त्या खणात आपल्या डोंगरातला आहे का एखादा?"

आहे. तोच, मिशी मोडलेला.
चिठ्ठीवर ज्या रानाचं नाव आहे
तिथे आता पाईन उभे आहेत, रांगेत,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे.

मी म्हटलं, आई, तो पतंग आहे,
कोष फोडून बाहेर आलेला. त्याचं सूत तिकडेच राहिलं,
कुठल्यातरी फांदीवर, साठेक वर्षांपूर्वी.
शिवाय सरकारी आहे. नोंद आहे त्याची.

"सूत कोण मागतंय?
त्याला कूस बदलून देता की नाही अधूनमधून?"

देतो, म्हटलं. गोळ्या बदलताना.
दर सहा महिन्यांनी.

"मग आपल्यापेक्षा बरं चाललंय त्याचं,"
ती म्हणाली, आणि रेंज गेली.

सोमवारी मी खण उघडला. टाचणी चिमटीत धरून
त्याला खिडकीकडे तोंड करून लावला.
नियमात हे बसत नाही.
पंखांची पूड बोटाला लागली,
पुसायला रुमाल काढला, आणि ठेवून दिला.

कापडाचे राहिलेले दोन हात
तिने तुतीच्या पांढऱ्या रेशमाचे जोडले, बाजारातून आणून.
जोड लांबून दिसतो.
मी विचारलं, चालेल का?
ती म्हणाली, त्यांना चालेल.
लग्नातल्या माझ्या कापडाचा रंग सांगा म्हटलं
तर जन्मभर चुकत आले.