दोन पंप

प्रश्न चौदावा: घरापासून जवळच्या दवाखान्याचं अंतर.
रकान्यात फक्त आकडा बसतो.
टॅबवरचा नकाशा म्हणतो, एक पूर्णांक चार.
पंचफुलाबाई नंदेश्वर म्हणतात,
"दोन पंप."

मला आधी पेट्रोलचे वाटले.
पारडीच्या वळणावर एक आहेही.
त्यांनी पदराच्या गाठीतून निळा पंप काढला, दम्याचा,
त्याच्या पाठीवरची बारीक खिडकी माझ्यापुढे धरली.
"सतराच हाये ना जी? चष्मा नाई माह्याजवळ."
सतरा, मी म्हटलं.
"मंगयवारी एकोणीस होते."

नकाशावर मी दवाखान्याभोवती वर्तुळ काढलं होतं,
दोन किलोमीटर त्रिज्येचं, फिकट हिरवं.
आत आलेली घरं म्हणजे पोचलेली घरं.
वर्तुळ रुळांवरून गेलं, उभ्या मालगाडीतून आरपार गेलं,
बाजाराची लांबच लांब भिंत
त्याला दिसलीसुद्धा नाही.
ऑफिसात सगळे म्हणाले, वा,
पूर्व नागपूर छान भरत चाललंय.

बाई मिरचीचे देठ खुडतात, किलोवर.
दवाखान्याचा दिवस म्हणजे
देठासकट पडून राहिलेली बारा किलो मिरची
आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाचा चेहरा.
बुडालेली मजुरी एकविसाव्या प्रश्नात घेतो आम्ही, रुपयांत.
चेहऱ्याला एकक नाही.

मी त्यांच्याबरोबर निघालो. हे नियमात बसत नव्हतं.

फाटक बंद.
कोळशाची गाडी. मी अठ्ठावन्न डबे मोजले.
त्या एका सायकलच्या सावलीत बसल्या,
सायकल हलली तशा त्याही सरकल्या.
मग विहाराची पायरी.
मग पंक्चरवाल्याचा आडवा टायर,
तिथे तो न विचारता पाणी देतो
आणि काही बोलत नाही.
पहिला पंप तिथे.
फुस्स, आणि डोळे मिटून दहापर्यंत.
त्यांचे ओठ मोजताना हलत होते.

"भाऊ, तुमच्या मोबाईलात पावलं मोजतेत म्हने?"
तीन हजार एकशे बारा.
"हे तुमची झाली.
माह्यी कुठं मोजली?"

दवाखान्याच्या चढावर दुसरा.

दवाखाना उघडा होता.
खरं सांगतो, डॉक्टर होत्या, आणि चांगल्या होत्या,
छातीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं.
पंखा फिरत होता. रांगेत बायकांना बाकडं होतं.
सोळा ते एकोणीस, माझे सगळे प्रश्न
होय, होय, होय, होय.
गोळ्या मिळाल्या, सिरप मिळालं.
"पंप संपलेत. मेडिकलला मिळेल."

बाईंनी बोटांवर हिशेब मांडला,
मिरचीनं सालटं गेलेल्या त्या बोटांवर.
"मेडिकल म्हंजे ऑटोनं एक, बसनं तीन.
मंग रांगेचा एक धरा. तिथं बोलावं लागते, त्याचा एक.
आता पंधरा हायेत.
जमते."

पंप आणायला लागणारे पंप.
आमच्या अभ्यासगटात तीन जण डॉक्टरेट केलेले आहेत,
हे सूत्र कोणालाच सुचलं नव्हतं.

परतताना त्या गप्प होत्या.
बोलणंही त्या खर्चात धरतात हे मला उशिरा कळलं,
मी आपला विचारत राहिलो,
आणि त्या भल्या बाई
मान हलवून उत्तरं देत राहिल्या.
घरी पोचून त्यांनी पंप पुन्हा माझ्यापुढे धरला.
तेरा.

रात्री खोलीवर टॅब उघडला.
चौदावा प्रश्न रिकामा, लाल.
शेरा लिहायला जागा शोधली, नव्हती.
अक्षरं टाकून पाहिली, घेतली नाहीत.

मग मी लिहिलं, दोन.

कशाचे, हे त्यानं विचारलं नाही.
रकाना
हिरवा झाला.