लाख

मेडिकलच्या मागच्या दारानं जो रस्ता निघतो
त्याच्या डाव्या हाताला आमची खोली.
एक स्पिरिटचा दिवा, लाखेच्या कांड्या,
आणि पितळी शिक्का, मुठीत मावेल एवढा.
सव्वीस वर्षं मी एवढंच करतो:
लाख वितळवायची, थेंब पडू द्यायचा,
तो थिजायच्या आत शिक्का दाबायचा.
आत काय लिहिलंय ते डॉक्टर जाणे.
मी निनावे. आडनाव आहे, विनोद नाही.

हेमलता काळमेघ, वय बावन्न, नंदनवन,
शिकवणीच्या बाई.
त्यांच्या लिफाफ्याला मी पाच ठिकाणी लाख लावली,
कारण कोर्टाचा हुकूम होता, कुणाला दाखवू नये.
पाचव्या थेंबाला अंगठा भाजला.
मे महिना, पंखा बंद ठेवावा लागतो, दिवा विझतो म्हणून.

संध्याकाळी बाबारावच्या पानठेल्यावर
सारी गल्ली चौकशीला बसलेली.
अकरा वार, एक म्हणाला.
चौदा, दुसरा म्हणाला, त्याचा साळा पोलिसात.
"काऊन गा निनावे, तू तं आतला माणूस.
सांग ना बे, चौदाच ना?"

सकाळी पेपरात चौदा.
रात्री टीव्हीवर लाल बाण
घराच्या नकाशावरून धावत राहिला,
स्वयंपाकघरातून जिन्याकडे, जिन्यावरून परत,
जसं कुणी कोपऱ्यात उभं राहून पाहिलंच होतं.
आणि प्रफुल्ल नखाते, वरच्या खोलीतला भाडेकरू,
त्याचा कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो.
राक्षसाचं काम केलं होतं पोरानं,
काजळाच्या मिशा, डोळे वटारलेले.
आठ दिवस तोच फोटो.
माझी बायको पोळी लाटता लाटता म्हणाली,
डोळेच सांगून राहिले ना.

माझा आजा इंग्रजाच्या काळात असेसर होता.
खुनाचा खटला चाले तोवर
न्हाव्याकडे जायचा नाही,
दाढी वाढवून महालातून फिरायचा.
म्हणायचा, वस्तऱ्याआधी न्हाव्याची जीभ लागते.
आता तसे पंच उरले नाहीत.
न्यायासनावर एकटे जज्जसाहेब,
आणि खाली रस्त्यावर हे,
सुपारी चघळत, निकाल थुंकत.
यांची दाढी रोज होते.

चौदा महिन्यांनी मला समन्स आलं.
सिव्हिल लाइन्स, चौथा मजला, लिफ्ट बंद.
सरकारी वकिलानं लिफाफा पुढे धरला.
सील शाबूत आहे?
मी पाचही थेंब पाहिले. एकात माझ्या अंगठ्याची रेघ.
आहे, म्हणालो.
पोराच्या बाजूच्या वकीलबाई उठल्या.
यातलं काही तुम्ही कुणाला सांगितलं?
मी वाचलंच नाही, बाई.
हे खरं होतं.

लाख तुटली.
भुईमुगाची शेंग फोडावी एवढाच आवाज.
कोर्टात सात माणसं, त्यातली दोन पेंगत होती.
टीव्हीवाले त्या दिवशी दुसऱ्या घरासमोर.
साहेबांनी वाचलं, कारकुनानं टाइप केलं.
जखमा: दोन.
त्यानं पोरगा सुटतो की अडकतो, मला कळत नाही.
ते माझं कामही नाही.
पोरगा पिंजऱ्यात उभा होता,
मिशा खरोखरीच्या आलेल्या, पातळ.
दोन ऐकून त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही.

खाली उतरताना दर मजल्यावर थांबलो. गुडघे.
तिसऱ्यावर आठवलं.
त्या संध्याकाळी मी काही बोललो नव्हतो.
तोंडात पान होतं.
मान तेवढी हलली होती,
हो म्हटल्यासारखी,
किंवा सुपारी गिळल्यासारखी.
आणि सकाळी छापून आलं होतं:
शवविच्छेदन विभागातील सूत्रांनी दुजोरा दिला.

कागद बंद करायला पाच थेंब लागतात.
बाबारावकडे अजून जातो.
मान ताठ धरून उभा राहतो.
मान धरली काय रे निनावे, लोक विचारतात.
तेव्हाही हलवत नाही.