अद्याप

रात्रीचा दीड. व्हीनस कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर,
अमेरिकेतल्या कुठल्याशा काऊंटीची टपाली मतं
माझ्या स्क्रीनवर अडून बसलीत.
फरक एकशे बाराचा.

मथळ्यात लिहिलं : अस्मान दाखवलं.
मुजावर सरांनी खोडलं.
चितपट लिहिलं. तेही खोडलं.
"बाई, हे खासबाग नव्हे.
पुढे आहे म्हण. मोजणी चालू आहे म्हण. बास."

मग एकेका शब्दाची तांबडी माती
झटकत बसले.
मुसंडी गेली, धुव्वा गेला,
उरला नुसता आकडा
आणि त्याच्याशेजारी उघडाबोडका
'अद्याप'.

तेवढ्यात शिरोलीहून सुकुमार उपाध्येंचा फोन.
कोण निवडून आलं, ते विचारलंच नाही त्यांनी.
"आपल्या कास्टिंगवरच्या कराचं काय झालं ओ?
चाळीस पेट्या खिळे ठोकून पडल्यात.
पुढची भट्टी लावू, का थांबू?"

माहीत नाही, म्हटलं.
इतकं तटस्थ वाक्य
आयुष्यात बोलले नव्हते.

ते काही बोलले नाहीत.
पलीकडे कुठला तरी मोठा पंखा
घुमत घुमत बंद झाला.

पान सोडताना
'अद्याप' तेवढा ठळक केला.
सरांनी चष्मा वर करून पाहिलं.
खोडलं नाही.